दापोलीच्या छावणींत एक दिवस

आमच्या घरांत दापोली हें नांव लहानपणापासून मोठ्या मानानें घेतलें जातें. आमचे पणजोबा कोंकणांतील एका आडगांवाहून दापोलीस शिकावयास गेले, तेथें वार लावून जेवले, आणि पुढें घाटावर येऊन सरकारी कारकुनी करूं लागले. आज पुण्यांत आमचें चौदा माणसांचें कुटुंब एका चुलीवर नांदत आहे, त्याचा पाया दापोलीच्या शाळेंत घातला गेला, असें आमचे तीर्थरूप नेहमीं सांगत. गंमत अशी कीं, ज्या गांवाचें एवढें ऋण मानावयाचें, तें गांव घरांतील कोणीं तीन पिढ्यांत डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें! आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. सुट्यांतून काशी झाली, रामेश्वर झालें. दापोली मात्र राहून गेली होती. गेल्या मार्गशीर्षांत नाताळची सुटी पाहून पुतण्या चि. अनंत यानें मोटार काढली, आणि आम्ही, आमच्या थोरल्या सूनबाई, अनंताचें कुटुंब व नातू चि. माधव अशीं पांच माणसें भल्या पहांटे पुण्याहून निघालों.

पणजोबांची एक गोष्ट येथें आधींच सांगून ठेवणें बरें, कारण पुढें तिच्याशीं काम आहे. शाळेंत त्यांची जागा दारापाशीं होती. कोंकणचा पाऊस तो. वारा सुटला कीं पावसाचे सपकारे थेट आंत येत. पण पणजोबांची पाटी कधीं भिजली नाहीं. पाऊस आला कीं ते मागें सरकत, पाटी पोटाशीं धरीत, आणि गणित पुरें करूनच ती खालीं ठेवीत. गोष्ट एवढीच. आमच्या घरीं दर सालीं शाळा सुरू होण्याच्या दिवशीं मुलांना ती सांगितली जाते. आणि खरें सांगावयाचें तर, पस्तीस वर्षें जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीं ती वर्गावर्गांतून सांगितली आहे. सरस्वतीच्या साधनांची काळजी कशी घ्यावी याचें याहून सोपें उदाहरण आम्हांला कधीं सांपडलें नाहीं.

पुण्याहून दापोलीस जाण्याचे मार्ग दोनतीन आहेत. आम्हीं ताम्हिणीचा घेतला. मुळशीच्या धरणाचें पाणी पाहात घाट उतरलों, निजामपुरावरून माणगांवास आलों, आणि लोणेऱ्यापाशीं मुंबई-गोव्याचा महामार्ग सोडून गोरेगांवमार्गें आंबेतकडे वळलों. घाटांत सूनबाईंना मळमळूं लागलें, तेव्हां निघतांना आत्याबाईंनीं हातांत कोंबलेली आवळासुपारी कामास आली. आंबेतास सावित्रीची खाडी लागते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे म्हाप्रळ हें रत्नागिरी जिल्ह्यांतलें गांव. तेथून मंडणगड व पुढें दापोली. "काका, डॉक्टर आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे तें याच मंडणगड तालुक्यांत बरें का," असें अनंत मोटार हांकतां हांकतां म्हणाला. आम्हीं मान डोलावली. आमच्या दापोलीशीं त्या वाक्याचा कांहीं संबंध असेल, असें तेव्हां मनांतहि आलें नाहीं.

दापोली हें गांव समुद्रापासून सुमारें अडीच कोसांवर, परंतु समुद्रसपाटीहून सुमारें आठशें फूट उंच आहे. कोंकणांत गेल्यावर नारळीपोफळींच्या दाट सांवलींतून वाट काढावी लागते अशी आपली समजूत. येथें मात्र चढ संपतांच एकाएकीं मोकळें सपाट मैदान समोर उघडतें, सुरूचीं उंच झाडें वाऱ्यानें सूं सूं करीत असतात, आणि हवेंत असा कोरडा गारवा असतो कीं आपण कोंकणांत आहों कीं देशावर, असा भ्रम व्हावा. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व दक्षिण कोंकण इंग्रजांच्या हातीं आलें, तेव्हां त्यांनीं लष्कर ठेवण्यासाठीं ही जागा निवडली ती या मैदानासाठीं व या हवेसाठीं. मुलकी कारभाराचें ठाणें प्रथम बाणकोटास होतें, तें १८२२ मध्यें रत्नागिरीस गेलें. पण दक्षिण कोंकणची छावणी दापोलीचीच. तेव्हांपासून लोक गांवाला कॅम्प-दापोली म्हणूं लागले, आणि वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं तेंच नांव पुढें कितीतरी वर्षें राहिलें. आमच्या पणजोबांच्या एका जुन्या वहीवरहि 'मुक्काम कॅम्प-दापोली' असें बोरूनें लिहिलेलें आम्हीं पाहिलें आहे.

मैदानावर उतरतांच माधवानें चहूंकडे मान फिरविली आणि विचारलें, "आजोबा, छावणी कोठें आहे?"

प्रश्न रास्त होता. तो शाळेंतून रायगड पाहून आलेला. त्याला तट हवे होते, बुरूज हवे होते, एखादी तोफ तरी हवी होती. आम्हीं त्याला सांगितलें कीं, छावणी म्हणजे किल्ला नव्हे. किल्ला शत्रूला बाहेर ठेवण्यासाठीं बांधतात; छावणींत आपल्याच माणसांना रांगेंत ठेवावयाचें असतें. कवाईतीला मैदान पाहिजे, साहेबांना बंगले, शिपायांना लाइनी, आणि जवळ एखादें बंदर. तें हर्णैस होतेंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दहाव्या अधिकरणाचा आरंभच 'स्कंधावार' म्हणजे छावणी कशी वसवावी येथून होतो. नायक, सुतार आणि ज्योतिषी यांनीं मिळून जागा मोजावी. जमीन असेल त्याप्रमाणें छावणी वर्तुळाकार, लांबट किंवा चौरस करावी. चार दरवाजे, सहा रस्ते आणि नऊ विभाग असावेत. भोंवतीं खंदक व तट असावा, असें त्यांत सांगितलें आहे. दापोलीस ज्योतिष्याला कोणीं विचारलें नसावें, व खंदकाची कोणाला गरज वाटली नसावी. समोर शत्रूच उरला नव्हता! म्हणूनच हें ठाणें लष्करी म्हणून फार दिवस टिकलेंहि नाहीं. १८४० च्या सुमारास नियमित पलटणी येथून हालल्या. वयस्क शिपायांची एक पलटण तेवढी मागें राहिली, आणि १८५७ च्या सुमारास तीहि मोडली. म्हणजे छावणीचें सारें आयुष्य जेमतेम चाळीस वर्षांचें. माधव हिरमुसला. "मग आपण पाहायला काय आलों?" असें त्यानें विचारलें, त्यावर सूनबाईंनीं त्याला भुईमुगाच्या शेंगा देऊन गप्प केलें.

आतां खरोखर पाहण्यासारखें काय, तें सांगतों. मैदान आहे, जांभ्या दगडाच्या कांहीं जुन्या कौलारू इमारती आहेत, आणि इंग्रजांची जुनी दफनभूमि आहे. तेथें आम्ही थोडा वेळ थांबलों. दगडांवरचीं अक्षरें पावसानें इतकीं झिजलीं आहेत कीं बोट फिरविल्याशिवाय कळत नाहीं. या मंडळींना येथील हवा मानवली म्हणावें, तर इतकीं थडगीं कां? अनंताच्या पत्नीनें एका लहानशा दगडाकडे पाहून "मूल असावें" एवढेंच म्हटलें, आणि आम्ही बाहेर आलों. राज्य करावयास आलेले असोत कीं कोणी असोत, लेंकरूं परमुलखांत पुरून पुढें जाणें सोपें नसतें.

दुपारचें जेवण एका घरगुती खानावळींत झालें. तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, सोलकढी आणि शेवटीं उकडीचे मोदक. अनंतानें किती खाल्ले तें येथें लिहीत नाहीं, घरीं वाचलें जाईल.

संध्याकाळीं आम्ही मैदानाच्या कडेस एका बांकावर बसलों होतों. शेजारीं आमच्याच वयाचे एक गृहस्थ येऊन बसले. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणें सावकाश. पाहतांच ओळख पटली कीं हे आपल्याच धंद्याचे. विचारलें तों तेहि सेवानिवृत्त शिक्षक निघाले. त्यांनीं आम्हांला 'गुरुजी' म्हटलें, आम्हीं त्यांना 'गुरुजी' म्हटलें, आणि दोघेहि हंसलों. मग परीक्षा, खडू, हल्लींच्या मुलांचें हस्ताक्षर असें सर्व झाल्यावर आम्हीं अभिमानानें सांगितलें कीं, आमचे पणजोबा येथील म्युनिसिपालिटीच्या शाळेंत शिकले.

"साल कोणतें असेल?" त्यांनीं विचारलें.

"१८९० नंतरचीं चारपांच वर्षें."

ते थोडा वेळ थांबले. "मग तुमचे पणजोबा आणि आमचे पणजोबा एका शाळेंतले म्हणायचे."

"वा! मग एका वर्गांतहि असतील!"

"असतीलहि. वर्ग तोच असेल," ते म्हणाले, "तुमचे आंत असतील. आमचे व्हरांड्यांत बसत."

त्यांच्या स्वरांत राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरांतली चूक आपण जशी दाखवून देतों, तसें त्यांनीं तें सांगितलें. त्यांचे पणजोबा हे पलटणींतून पेन्शन घेऊन आलेल्या एका महार हवालदाराचे चिरंजीव. ही हकीकत त्यांनीं जी सांगितली व पुण्यास परतल्यावर आम्हीं ग्रंथालयांत बसून जी वाचली, ती दोन्ही मिळून येथें देतों.

पलटणी गेल्या तरी छावणी ओस पडली नव्हती. मुंबई इलाख्याच्या फौजेंत कोंकणच्या माणसांचा भरणा मोठा. मराठ्यांचा तसा महारांचाहि. नोकरी संपली कीं त्यांतील पुष्कळ शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार दापोलीच्या हवेंत घर करून राहात. ज्या गांवीं जन्मले तेथें त्यांची जागा गांवकुसाबाहेर. येथें निदान स्वतःचें छप्पर आणि पेन्शनीचे चार पैसे. शिवाय त्यांनीं पलटणींतून एक वस्तु आणलेली होती, तिची किंमत आपल्या लोकांच्या लक्षांत फार उशिरां आली. ती म्हणजे साक्षरता. कंपनी सरकारच्या फौजेंत शिपायांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं शाळा असत, आणि तेथें मुलामुलींस लिहावयास वाचावयास शिकवीत. आमच्या पणजोबांना अक्षरासाठीं गांव सोडावें लागलें. या घरांतून अक्षर आधींच पोंचलेलें होतें.

त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर. मूळचे महाड तालुक्यांतले. १८८६ सालीं हवालदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते दापोलीस स्थायिक झाले. जोतिबा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर संस्कार होता. 'दीनबंधु' पत्रांत ते लिहीत. १८८८ च्या सुमारास त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तिच्यांत त्यांनीं प्रश्न विचारले आहेत, आणि ते प्रश्न कोणा सरकारी अंमलदारास नसून आपणांसारख्या शास्त्र जाणणारांस आहेत. विटाळ नेमका कशानें होतो, तो कोणत्या आधारावर, आणि माणसाच्या जन्मास तो चिकटतो कसा, अशा अर्थाचे. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' नांवाची संस्थाहि त्यांनीं स्थापन केली. नांव पाहा कसें संस्कृत आहे! १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत सरकारनें फौजेंत महारांची भरती बंद केली, तेव्हां १८९४ सालीं सरसेनापतीस पाठविण्याच्या अर्जाचा मसुदा याच वलंगकरांनीं केला. पुढें १८९५ मध्यें महाडच्या लोकलबोर्डावर त्यांची नेमणूक झाली, आणि तेथील वरिष्ठ वर्गाच्या सभासदांस तें रुचलें नाहीं. १९०० सालीं ते वारले. महारांची स्वतंत्र पलटण कायमची उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें.

शाळेचें प्रकरण त्याच काळांतलें. १८९२ च्या सुमारास दापोलीच्या पेन्शनरांनीं अर्ज केला कीं, आमच्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेंत घ्यावें. मागणी सरळ होती. म्युनिसिपालिटीची शाळा, कर सर्वांचा, सरकारचा नियम कोणालाहि मज्जाव नसावा असा. परंतु गांवांतील प्रतिष्ठित मंडळींना हें पटेना. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हें लिहिण्याची गरज आहे काय? वाद पुष्कळ झाला. मुलें शाळेंत आलीं, तीं व्हरांड्यापर्यंत. धडा तोच, मास्तर तेच, फक्त मध्यें भिंत.

हें सर्व चालू होतें त्याच दिवसांत, १८९४ च्या सुमारास, सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या छावणींतून निवृत्त होऊन कुटुंबासह या कॅम्प-दापोलीस येऊन राहिले. धाकटा मुलगा भीमराव तीनचार वर्षांचा. सुमारें दोन वर्षांनीं कुटुंब साताऱ्यास गेलें. रामजी हे चौदा वर्षें लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, ही गोष्ट आम्हांला या वयांत नव्यानें कळली, आणि मनाला लागली. शिस्तीचे, मुलांकडून पहांटे अभंग व दोहे म्हणवून घेणारे, इंग्रजी व मराठी दोन्हींवर सारखा कटाक्ष ठेवणारे असे ते गृहस्थ होते. आमच्या कोणत्याहि शिक्षकसंघाच्या व्यासपीठावर ते शोभले असते. त्यांच्या मुलाला पुढें साताऱ्याच्या शाळेंत बसावयास तरटाचा वेगळा तुकडा लागे, आणि शाळा सुटल्यावर तो घरीं न्यावा लागे. शिकविणाऱ्याच्याच मुलावर ही वेळ! दापोलीजवळचें वणंद हें गांव म्हणजे रमाबाई आंबेडकरांचें माहेर, हेंहि येथेंच कळलें.

आणखी एक योग असा कीं, नेमक्या त्याच वर्षांत दापोलीच्या मिशन हायस्कुलांत एक हुषार मुलगा शिकत होता. १८९७ मध्यें तो मॅट्रिक झाला. तो पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहून ज्यांनीं साऱ्या शास्त्राचा हिशेब मांडला, ते हेच महामहोपाध्याय. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. त्यांत अस्पृश्यतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. हे खंड आमच्या कपाटांत वीस वर्षें आहेत. जिच्याबद्दल तें प्रकरण लिहिलें, ती गोष्ट ते ज्या गांवांत पाटी-दप्तर घेऊन हिंडले त्याच गांवच्या शाळेच्या दारांत उभी होती, हा विचार आम्हीं तें चाळतांना कधीं केला नव्हता. काणे यांना १९६३ सालीं भारतरत्न मिळालें. जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांना १९५८ सालीं मिळालेलें होतें. आणि छावणींतल्या त्या सुभेदारांच्या मुलाला तें १९९० सालीं, निधनानंतर चौतीस वर्षांनीं दिलें गेलें. पालगडचे साने गुरुजीहि दापोलीच्या मिशन शाळेचेच विद्यार्थी. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून त्यांनीं मे १९४७ मध्यें उपोषण केलें. एवढ्याशा गांवानें दोन्ही बाजूंचीं माणसें घडविलीं म्हणावीं, तर या दोन बाजूंची सरमिसळहि येथेंच झालेली दिसते.

पण आम्ही फार पुढें आलों. पुन्हां बांकावर चला. आमचें हें बोलणें माधव शेंगांचीं फोलें मोडीत ऐकत होता. त्यानें एकदम त्या गृहस्थांना विचारलें, "मग पाऊस आला कीं ते कुठें जात?"

"जाणार कुठें बाळ? भिंतीला टेकून बसत."

"आणि पाट्या?"

"पाट्या भिजत," ते म्हणाले.

माधवानें आमच्याकडे पाहिलें. तो तेरा वर्षांचा आहे, आणि पणजोबांच्या पाटीची गोष्ट त्यानें दर जूनमध्यें ऐकलेली आहे. त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्या गृहस्थांनीं आमच्यासाठीं चहा मागविला. पैसे आम्हांला देऊं दिले नाहींत. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलों, आणि बोललों तें मात्र बहुतेक पेन्शनीच्या फरकाविषयीं व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयीं.

त्या रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं. आमच्या नोकरीच्या काळांत कोणी मूल वर्गाबाहेर बसलें नाहीं. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें नाहींशी केल्यावर दहा वर्षांनीं आमचा जन्म. तेव्हां आमच्या हातून असें घडलें नाहीं, असें आम्ही म्हणूं शकतों, आणि आजवर मनांत तेंच म्हणत आलों. परंतु जूनच्या त्या पहिल्या आठवड्यांत आमच्यासमोर जीं साठसाठ मुलें बसलेलीं असत, त्यांत त्या व्हरांड्यांतल्या मुलांचीं पणतवंडेंहि असतील कीं! त्यांना आम्हीं पस्तीस वर्षें मोठ्या ऐटीत सांगितलें कीं, चांगल्या मुलाची पाटी भिजत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं हर्णैस जाऊन किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग पाहिला. एप्रिल १७५५ मध्यें इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनें पेशव्यांशीं मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. माधवाला तट आणि बुरूज एकदांचे मिळाले. किल्ल्याविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत, आम्ही लिहीत नाहीं. परततांना आमसुलें, फणसपोळी आणि कुळथाचें पीठ घेतलें, व रात्रीं घरीं पोंचलों.

आमच्या आत्याबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. आमच्या पणजोबांना, म्हणजे त्यांच्या आजोबांना, पाहिलेलें असें घरांत त्यांच्याखेरीज आतां कोणी नाहीं. ते गेले तेव्हां त्या बारा वर्षांच्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या आमसुलें निवडीत बसल्या असतां आम्हीं त्यांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ऐकून घेतली, आणि हातांतलें काम न थांबवितां म्हणाल्या,

"अरे बाळ, गोष्ट तशीच होती. दारापाशीं बसायचे म्हणजे बाहेरचीं मुलें त्यांच्यापासून हातभर लांब. पावसांत त्यांच्या पाट्या पुसून जायच्या. मास्तर दारांत उभे राहून लांबूनच पाट्या बघायचे, हात लावायचे नाहींत. कोरी दिसली कीं, गणित केलें नाहीं म्हणून त्या पोराला अंगठे धरून उभें करायचे, पावसांतच. तें बघून आजोबांच्या पोटांत गोळा यायचा. आपली भिजली तर आपलेंहि तसेंच होईल, म्हणून ते मागें सरकायचे."

"मग दादा आम्हांला हें कां सांगत नसत?"

"तुझ्या बापानें पुढचा भाग धरला, मागचा सोडला. लहान पोरांना काय सांगायचें तें, असें त्याला वाटलें असेल. आजोबाहि सांगतां सांगतां इथवर आले कीं गप्प व्हायचे आणि पानाचा डबा ओढायचे. मी एकदां विचारलें होतें, त्या पोराचें नांव काय म्हणून. तर म्हणाले, हजेरींत त्यांचीं नांवें शेवटीं घेत, तोंवर आमचें लक्ष नसे."

माधव दारांत उभा राहून ऐकत होता. येत्या जूनमध्यें घरांतल्या धाकट्या दोघांना पाटीची गोष्ट तोच सांगणार आहे, असें त्यानें जाहीर केलें आहे. सूनबाईंचें मत असें कीं, पांच वर्षांच्या मुलाला एवढें सगळें कशाला. यावर घरांत अजून एकवाक्यता झालेली नाहीं.

आत्याबाईंना तें मैदान पाहावयाचें आहे. म्हणून वैशाखाच्या आधीं पुन्हां जाण्याचें घाटत आहे, आणि त्या शिक्षक गृहस्थांना आम्हीं तसें पत्र टाकलें आहे. आत्याबाईंच्या गुडघ्यांना ताम्हिणीचीं वळणें सोसणार नाहींत असें अनंत म्हणतो. तेव्हां या खेपेस महाडावरून जावें असा विचार आहे.